मैदानाचा मालक
(मुलुंड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



माझी ओळख करून देताना निवेदकांनी मला 'मुलुखमैदान तोफ' म्हटलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानाच्या मशीनचा आवाज कमी केला. ते मी पाहिलं. आजोबा, पुन्हा वाढवा. माझा घसा कालपासून बसलाय, आणि माईक तर दहाच्या ठोक्याला बंद करायचाच आहे. तरी निवेदकांचे आभार. आजच्या विषयाचं दार त्यांनी नकळत उघडून दिलं.

फर्ड्या वक्त्याला मुलुखमैदान म्हणायची आपली जुनी रीत. तोफेचं मूळ नाव मात्र मलिक-ए-मैदान, म्हणजे मैदानाचा मालक, रणांगणाचा राजा. मधला तो फारसी 'ए' मराठी जिभेला जड गेला असावा. आपण मालकाचा मुलुख केला, मैदान तसंच ठेवलं आणि पुल्लिंगी राजाला स्त्रीलिंगी तोफ करून टाकलं.

ही तोफ आज विजापूरच्या तटावर आहे, म्हणून लोक तिला विजापूरची समजतात. ती आपल्या नगरची. 1549 साली, बुरहान निजामशहाच्या कारकिर्दीत ती ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव तिच्यावरच आहे: मुहम्मद बिन हुसेन रूमी. रूमी म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. लांबी सुमारे 14 फूट, वजन सुमारे 55 टन सांगतात. नगरहून ती परांड्याला गेली आणि 1632 मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवांनी परांड्याहून विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली म्हणतात. हत्तीचं वजन करायला त्याला नावेत चढवून, नाव किती बुडते त्यावर खूण करून मग तितके दगड भरणारे, तुळापूरच्या गोष्टीतले मुरार जगदेव ते हेच. वजनदार वस्तूंशी या गृहस्थांचं काहीतरी नातं असावं.

मला तुम्हाला दाखवायचंय ते तिचं तोंड. ते सिंहाच्या जबड्यासारखं घडवलंय आणि जबड्यात, दातांच्या मध्ये, एक हत्ती चिरडला जातोय. बार उडाला की सिंहाच्या घशातून आग यायची. गोळा शत्रूपर्यंत पोचला नाही तरी चित्र पोचत असणार.

तुमच्यातले निम्मे लोक शनिवारी रात्री सॅक पाठीला लावून किल्ल्यांवर जातात. हे चित्र तुम्ही पाहिलेलं आहे. शिवनेरीच्या दरवाजावर जे शरभ आहेत, जंजिऱ्याच्या महाद्वाराशी जो वाघासारखा प्राणी पंजांत हत्ती धरून उभा आहे, ते याच कुळातले. पंजाखाली हत्ती, कुठे शेपटीच्या विळख्यातही हत्ती. हत्ती म्हणजे समोरचा राजा, एवढं सांगायला शिलालेख लागत नाही. मोबाइलवर फोटो काढून आपण पुढे जातो, पण त्या दगडाचं काम अगदी ठरलेलं होतं: आत येणाऱ्याने मान वर करून पाहावं आणि स्वतःला हत्तीच्या जागी ठेवून बघावं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इजिप्तचा सुलतान बैबर्स हा किपचाक तुर्क, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. 1260 साली ऐन जालूतला मोंगोलांचा पराभव झाला, त्या लढाईतला मोठा सेनानी, आणि त्याच वर्षी तो तख्तावर बसला. त्याची निशाणी चालता चित्ता किंवा सिंह. पॅलेस्टाइनमध्ये लोद गावाजवळ 1273 साली त्याने बांधलेला पूल अजून आहे. लेखाच्या दोन्ही बाजूंना त्याचे सिंह आहेत आणि सिंहाच्या पंजाशी आहे एक उंदीर. उंदीर म्हणजे युरोपातून आलेले क्रुसेडर, असं मानतात. आपल्याकडे शत्रू हत्तीएवढा दाखवायचा आणि तरी गिळायचा. बैबर्सने तो उंदराएवढा करून टाकला. मला आपल्याकडची पद्धत जास्त आवडते. तिच्यात शत्रूला निदान वजन आहे.

आता पदव्यांचं बघा. अबुल मुजफ्फर, अबुल गाझी, म्हणजे विजयाचा बाप, धर्मयोद्ध्याचा बाप. देवगिरी लुटून गेलेल्या अलाउद्दीन खलजीने नाण्यांवर 'सिकंदर-ए-सानी', दुसरा सिकंदर, असं छापून घेतलं. पहिला सिकंदर दिल्लीपर्यंतही आला नव्हता, पण नाण्याला कोण विचारतो? गुजरातच्या सुलतानाचं तर नावच बहादूरशहा. माळव्यातलं मांडू घेणारा, खराच लढवय्या. पण हुमायूनचं सावट आलं तेव्हा याच बहादूरने 23 डिसेंबर 1534 च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगिजांना देऊन टाकली. साष्टी म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, आणि हे आपलं मुलुंडसुद्धा. तुमच्या सोसायटीच्या कन्व्हेयन्सची कागदपत्रं तीस वर्षं अडलेली असतील. त्या काळी अख्खं बेट एका कागदावर गेलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. राजा स्वतःचं वीराचं चित्र काढतो, तेव्हा जिंकलेली लढाईच काढतो असं आपण धरून चालतो. मला दिसतं ते निराळं. जिथे सल राहिलेली असते तिथे चित्र जास्त गडद होतं.

हुसेन निजामशहाचं घ्या. तो 1553 मध्ये गादीवर आला आणि पुढच्या सहा-सात वर्षांत विजयनगरच्या रामरायाने त्याला इतकं नमवलं की रामरायाच्या छावणीत जाऊन त्याला त्याच्या हातचा विडा घ्यावा लागला. कल्याणीचा किल्ला गेला. फिरिश्ता हे रंगवून सांगतो. फिरिश्ता नगर सोडून विजापूरच्या चाकरीत गेलेला इतिहासकार, हेही लक्षात ठेवा. मग सुलतानांच्या सोयरिकी झाल्या. हुसेनची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, तिच्या आंदणात सोलापूर दिलं. आणि जानेवारी 1565 मध्ये ती लढाई झाली जिला आपण तालिकोट किंवा राक्षसतागडी म्हणतो. निजामशाहीच्या हत्तीने रामराया धरला गेला, हुसेनने त्याचं डोकं उडवून भाल्यावर चढवलं. त्याच वर्षी हुसेनही वारला.

त्याच्या कीर्तीसाठी आफताबी नावाच्या कवीने फारसी काव्य लिहिलं, 'तारीफ-ए-हुसेनशाही'. त्याची सचित्र प्रत कुठे असेल? लंडनला नाही, तेहरानला नाही. पुण्यात, सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळात. 1987 मध्ये ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी ती छापून आणली. आज तिच्यात बारा चित्रं उरली आहेत. लढाई आहे, रामरायाचा शिरच्छेद आहे. पण खरी गोष्ट दरबाराच्या चित्रांत आहे. तिथे हुसेनशेजारी त्याची बेगम खुंझा हुमायून काढली होती. वीर राजाच्या स्तुतीच्या ग्रंथात शेजारी राणी बसवणं, हे त्या काळी सहसा घडत नसे. हुसेनमागे मुलगा मुर्तझा लहान, म्हणून कारभार तिच्याच हाती होता. पोथी सजवून घेण्यात तिचा हात असावा, असं म्हणायला जागा आहे. पुढे मुर्तझा मोठा झाला आणि त्याने आईला कैदेत टाकलं. मग कुणीतरी रंग आणि पाणी घेऊन बसलं आणि चित्रांतली राणी पुसून काढली. राजा शाबूत, गादी शाबूत, शेजारी नुसता डाग.

एक चित्र मात्र वेगळं आहे. बाईचा स्पर्श झाला की झाडाला बहर येतो, हा आपल्या संस्कृत काव्यातला दोहद; फारसी वीरकाव्याच्या पोथीत तो अलगद येऊन बसलाय. चितारी कुठला होता देव जाणे, पण दख्खनचं पाणी प्यायलेला नक्की.

आता दुसरं चित्र. हे डब्लिनला चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. अबुल हसनने साधारण 1616 च्या सुमारास काढलेलं. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलावर, बैल माशावर. हातात ताणलेलं धनुष्य. समोर भाल्याच्या टोकाला एका काळ्या माणसाचं मुंडकं, तोंडात बाण आरपार. मुंडक्यावर घुबड. वर ढगांतून गोबरी देवदूत-बाळं शस्त्रं पुरवताहेत. ती बाळं युरोपीय चित्रांतून उचललेली. मुंडकं कुणाचं? मलिक अंबरचं.

मंडळी, जहांगीरने मलिक अंबरला कधी समोरासमोर पाहिलंसुद्धा नव्हतं. बादशहा मांडूपर्यंत आला, दख्खनेत उतरला तो मुलगा खुर्रम. मुघलांनी अंबरला हरवलं नाही असं मी म्हणत नाही. 1616 मध्ये त्यांनी त्याची खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, जाळून काढली. पण माणूस हाती आला नाही. मग कागदावर मारला. आत्मचरित्रातही जहांगीर अंबरचं नाव शिवीशिवाय घेत नाही.

आणि अंबर? इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला जात जात नगरला पोचलेला, तिथे पेशवा चंगेजखानाने घेतलेला. 1600 मध्ये नगरचा किल्ला मुघलांनी घेतला तरी त्याने दुसऱ्या मुर्तझाला नामधारी सुलतान करून निजामशाही उभी ठेवली. स्वतः तख्तावर बसला नाही. 1624 मध्ये भातवडीला, तलावाचा बांध फोडून, चिखलात रुतवून, मुघल आणि आदिलशाही फौज एकदमच मोडली. त्या लढाईत शहाजीराजे होते, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले. इतकं लढलेल्या माणसाने मागे काय ठेवलं? औरंगाबादची नहर. खुलताबादची कबर. आणि आपल्या भाषेत 'मलिकंबरी', जमीन मोजून सारा ठरवायची पद्धत. पाण्याचा नळ आणि सातबारा, एवढीच म्हणा ना त्याची प्रतिमा. 1626 मध्ये तो गेला तेव्हा जहांगीरचाच इतिहासकार मुअतमदखान याने लिहिलं की युद्धात, हुकमतीत आणि कारभारात या माणसाला जोड नव्हती. बादशहाच्या चितार्‍याला जे दिसलं नाही, ते त्याच्याच कारकुनाला दिसलं.

याच वेळी विजापुरात इब्राहिम आदिलशहा दुसरा. 1580 ते 1627, सत्तेचाळीस वर्षं. त्याची चित्रं बघा: गळ्यात रुद्राक्ष, हातात चिपळ्यांसारखं वाद्य, कुठे तंबूर. त्या तंबूरचं नाव मोतीखान, लाडक्या हत्तीचं आतिशखान. दख्खनीत 'किताब-ए-नौरस' लिहिणारा, लोक ज्याला जगद्गुरू म्हणत तो हा. तांब्याच्या नाण्यावर गाझी, सिकंदर काही नाही. 'अबला बली' असे शब्द, दुबळ्यांचं बळ. मवाळ होता म्हणून नव्हे. सख्खा भाऊ इस्माईल बंड करून उठला तेव्हा त्याने ते बंड मोडून काढलं आणि भाऊ जिवानिशी गेला. पण स्वतःला कसं दिसायचं, हे त्याने निराळं ठरवलं. नौरसपूर नावाचं शहर वसवलं, नऊ रसांचं. भातवडीनंतर त्याच वर्षी अंबरने ते लुटलं. ज्याचं वीराचं चित्र नव्हतं त्याने सुरांचं शहर उद्ध्वस्त केलं. इतिहास आपल्या सोयीने वागत नाही, माझ्या म्हणण्याच्या सोयीनेही नाही.

याच मुलखात शहाजीराजांच्या मुलाने स्वतःची मुद्रा केली तेव्हा तिच्यात सिंह घेतला नाही, तलवार घेतली नाही. प्रतिपदेची वाढती चंद्रकोर घेतली. यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, ते पुढच्या वर्षी बोलवलंत तर.

तोफेकडे परत येतो. 1686 मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं. तोफ वितळवून नव्या घडवता आल्या असत्या. त्याने तिच्यावर आणखी एक लेख कोरवला: आलमगीराने विजापूर जिंकलं, आणि विजयाची तारीख अक्षरांच्या हिशेबात बसवलेली, की मलिक-ए-मैदान काबीज केला. म्हणजे निजामशहाने ओतलेला सिंह, आदिलशहाने ओढून आणलेला, आणि शेवटी मैदानाच्या मालकाचाच झाला हत्ती.

मग इंग्रज आले. 1854 साली निकामी तोफांचा लिलाव निघाला, त्यात हीसुद्धा. सगळ्यांत मोठी बोली आली 150 रुपये. नंतर साहेबाचं मन बदललं, लिलाव रद्द झाला, म्हणून ती अजून तिथे आहे. बोली लावणार्‍याने सिंह आणि हत्ती बघितले असतील की नाही कोण जाणे. त्याने बहुधा वाहतुकीचा खर्च धरला असणार. चारशे बैल काही फुकट मिळत नाहीत.

दहाला सात मिनिटं कमी आहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर हात वर करा. आजोबा, आधी तुम्ही. मशीन चालू आहे ना?