आपल्या आशाताईचं कोण बघतं?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



रोवणीचे दिवस आहेत. दिवसभर बांधीत वाकून कंबर भरून आली असेल. आता चुलीवर भात ठेवून रेडिओ लावला असेल. आज आम्ही गावातल्या आशाताईबद्दल बोलणार आहोत. तिनं काय करावं हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हाला विचारायचंय, तिचं कोण बघतं?

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

आमच्या गटात अकरा जणी. त्यातली एक आशाताई. गट निघाल्यापासून तिची बचत कधी चुकली नव्हती. मागच्या पावसाळ्यात मात्र ती लागोपाठ तीन बैठकांना आली नाही. कर्जाचे दोन हप्ते थकले. आम्ही नियमाप्रमाणे दंड लावला आणि प्रोसिडिंग बुकात लिहूनही टाकला. आमच्यातली एक म्हणाली, "तिला काय कमी? सरकारी पगार आहे." बाकीच्या गप्प बसलो.

चौथ्या बैठकीला ती आली. दंडाचे पैसे सतरंजीवर ठेवले आणि म्हणाली, "ताई, गटातून माझं नाव कमी करा. आशाचं कामही सोडते. आता होत नाही माझ्याच्यानं." आणि रडायला लागली. आमच्या कितीतरी बाळंतपणांत ही बाई आमचा हात धरून बसली होती. तिला रडताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी हिशेबाची वही मिटली आणि तिचं ऐकलं.

पहाटे चारला उठून स्वयंपाक. मग दुसऱ्याच्या बांधीत रोवणीची मजुरी, कारण मोबदला तीन महिने आलाच नव्हता. हप्ते त्यामुळेच थकले होते. दुपारी टोलीवर जाऊन तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या काचपट्ट्या घ्यायच्या, बाळंतिणीकडे जायचं, रजिस्टर भरायचं. तेच सगळं पुन्हा मोबाइलवर भरायचं, आणि नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभं राहायचं. रात्री फोन चालूच. कुणाला बाळंतकळा, तर कुणाला फक्त आयुष्मान कार्डाची चौकशी.

पण तिला खरं लागलं होतं ते वेगळंच. टोलीवरच्या एका घरात बाळ दगावलं. ती तीन वेळा जाऊन आली होती, दवाखान्यात न्या म्हणून सांगून आली होती. गाडी मिळायला उशीर झाला. गावानं म्हटलं, "आशानं लक्ष दिलं नाही." ती आम्हाला म्हणाली, "तेव्हापासून बाळाचं वजन करते तर काट्यावरचा आकडा दिसते, बाळ दिसत नाही."

मैत्रिणींनो, ही आळसाची गोष्ट नाही. कामाच्या अशा थकव्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये त्याची तीन लक्षणं सांगितली. एक, अंगातलं बळच संपल्यासारखं वाटणं. दोन, कामातून मन उडणं, त्याबद्दल कडवटपणा येणं. तीन, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ तसाच राहिला की हे होतं, असं म्हणते. म्हणजे दोष त्या बाईत शोधायचा नाही, तिच्या कामाच्या परिस्थितीत शोधायचा.

आता त्या "सरकारी पगारा"चं पाहू. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून आशा आली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक. कागदावर ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला मिळतो तो मोबदला, त्यातला काही कामागणिक. एकच उदाहरण घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिनं घरी जाऊन बाळ बघायचं. सहा भेटींचे मिळून 250 रुपये. एका भेटीचे बेचाळीसही होत नाहीत.

या भेटींची किंमत मात्र मोठी आहे. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवलं आणि नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हे 1999 मध्ये जगासमोर आलं. म्हणून सांगतो, आशाताई थकून नुसती रजिस्टरात टिक मारायला लागली, तर नुकसान आपल्याच पाळण्यातल्या बाळाचं आहे.

करोनात हीच बाई दारोदार फिरली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा सन्मान केला. पण आपल्या राज्यातल्या आशांना ऑक्टोबर 2023 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2024 मध्ये संपावर जावं लागलं. मुंबईच्या आझाद मैदानात त्या मुक्काम ठोकून बसल्या, तेव्हा मार्चमध्ये राज्याच्या मोबदल्यात 5000 रुपयांची वाढ मंजूर झाली. वेळेवर पैसे, कर्मचाऱ्याचा दर्जा, कामाला काही मर्यादा, हे सरकारनंच द्यायचं आहे. आपल्या चहानं आणि गोड बोलण्यानं ते भागणार नाही. पण तिच्या डोक्यावरचा काही भार आपण गावानं ठेवला आहे. तो तर आपण उतरवू शकतो!

आमच्या गटानं काय केलं ते सांगतो.

पहिलं, दंड परत केला आणि नियम बदलला. मोबदला रखडला असेल तर आशाताईचा हप्ता दंडाशिवाय पुढे जाईल. हे प्रोसिडिंग बुकात लिहिलं, म्हणजे कुणाचे उपकार नकोत.

दुसरं, रात्रीच्या फोनचं. बाळंतकळा, बाळ दूध ओढत नाही, झटके, साप चावला, अशा वेळी आधी 108 ला फोन लावायचा, गरोदर बाई आणि लहान बाळासाठी 102 आहे. मग आशाताईला कळवायचं. कार्डाची, कागदाची चौकशी सकाळी.

तिसरं, रात्री टोलीवर जावं लागलं तर तिच्यासोबत गटातली एक जण जाते. पाळ्या लावल्या आहेत.

चौथं, दोष देणं बंद. त्या बाळाच्या घरी आम्ही चौघी तिच्यासोबत गेलो. बाळाची आजीच म्हणाली, "पोरीनं सांगितलं होतं, आम्हीच सकाळची वाट पाहिली." एवढं एक वाक्य ऐकायला तिला दोन महिने लागले होते.

पाचवं, ग्रामसभेत मोबदल्याच्या उशिराचा विषय आम्ही मांडला आणि ठराव करून घेतला. तिनं एकटीनं बोलण्यापेक्षा गटांतल्या पंचवीस-तीस बायांनी बोललेलं जास्त ऐकू जातं.

आणखी एक. झोप उडाली, जेवण तुटलं, सारखं रडू येतं, "जगून काय फायदा" असं कुणी बोललं, तर हसण्यावारी नेऊ नका आणि तिला एकटं सोडू नका. टेलिमानसचा नंबर लिहून घ्या, 14416. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे सोबत जा. हे आशाताईसाठी आहे, तसंच अंगणवाडीताईसाठी, नर्सताईसाठी आणि आपल्यासाठीही.

आमच्या आशाताईचं सगळं ठीक झालं असं सांगणार नाही. रजिस्टरं तेवढीच आहेत, मोबाइलचं कामही तेवढंच आहे. पण तिनं नाव कमी केलं नाही. परवा बैठकीत एका बाळाबद्दल सांगत होती, "असं हसते ना ताई, वजन करायचंच राहून गेलं!" आम्ही सगळ्या हसलो. तिला बाळ पुन्हा दिसायला लागलं होतं.

उमेदच्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहे. पुढच्या बैठकीत ते सूत्र म्हणाल, तेव्हा आरोग्य सांभाळणारीचं नावही घ्या. आणि उद्या ती रस्त्यात भेटली, तर काम सांगायच्या आधी विचारा, "जेवलीस का?"