घोटा पवित्र, चिलीम गुन्हेगार?

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

गांजा-भांग हा काय पक्षाच्या अभ्यासवर्गाचा विषय आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. मजुरीचे दर, महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, घरकुले हे आपले नित्याचे विषय. परंतु ज्या वस्त्यांत आपण या मागण्या घेऊन हिंडतो, तिथला तरुण यंत्रमागावरची बारा तासांची पाळी संपवून चिलमीभोवती बसतो, आणि तोच तरुण महाशिवरात्रीला भांगेची गोळी प्रसाद म्हणून तोंडात टाकतो. पहिली गोष्ट तो घरच्यांपासून लपवतो, दुसरी उघडपणे करतो. वनस्पती एकच, तिच्यातील मादक द्रव्यही एकच. मग एकीला पावित्र्य आणि दुसरीला पोलीस ठाणे, हा भेद आला कोठून? तो शरीरशास्त्रातून आला की समाजरचनेतून? आज मला याच प्रश्नाचा विचार आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम शरीराची बाजू पाहू. भांग म्हणजे या झाडाची पाने, गांजा म्हणजे मादीझाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याचा राळेसारखा चीक. तिन्हींत नशा आणणारे प्रमुख द्रव्य एकच, ते म्हणजे टीएचसी. इस्रायलमधील मेशूलाम व गाओनी या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पानांत त्याचे प्रमाण कमी असते आणि शेंड्यांत व चिकात अधिक. भांग सौम्य, ही समजूत येथून निघाली आणि तेवढ्यापुरती ती खरीही आहे. पण परिणाम केवळ पदार्थावर अवलंबून नसतो. तो पदार्थ कोणत्या वाटेने शरीरात जातो, यावरही तो अवलंबून असतो.

चिलमीचा झुरका घेतला की धूर फुप्फुसात जातो, तेथून रक्तात आणि रक्तातून मेंदूत. हा प्रवास काही क्षणांचा असतो. दहा ते तीस मिनिटांत नशा शिगेला पोहोचते आणि साधारणपणे दोन ते चार तासांत उतरते. ओढणाऱ्याला आपल्याला किती चढली आहे, हे लगेच कळते. त्याची इच्छा असेल तर तो तेथे थांबू शकतो.

खाल्लेल्या भांगेची वाट निराळी आहे. ती पोटात जाते, आतड्यांतून शोषली जाते आणि रक्तात सर्वत्र पसरण्यापूर्वी यकृतातून जाते. यकृतात टीएचसीचा मोठा भाग खर्ची पडतो, परंतु काही भागाचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी या दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होते आणि तेही मेंदूवर जोरकस परिणाम करते. धुराच्या वाटेने हे द्रव्य फारच थोडे तयार होते. म्हणून खाल्लेली नशा ही ओढलेल्या नशेची केवळ संथ आवृत्ती नसते, तिची जातच थोडी वेगळी असते. ती अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत जाणवतच नाही. दोन ते चार तासांनी ती भरास येते आणि सहा-आठ तास, कधी बारा तासही टिकते. पोट भरलेले की रिकामे, घोटा दुधातुपात केलेला की पाण्यात, यावरही तिचा वेग आणि जोर बदलतो, कारण हे द्रव्य स्निग्ध पदार्थांत विरघळणारे आहे. एकाच भांड्यातून दोघांनी सारखा पेला घेतला तरी दोघांचा अनुभव सारखा असेल, याची खात्री देता येत नाही.

धोका नेमका या उशिरात आहे. तासभर झाला तरी काहीच होत नाही, म्हणून माणूस दुसरी गोळी घेतो. मग पहिली आणि दुसरी बरोबरच चढतात. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, काळाचे भान सुटते, आपण आता मरणार अशी भीती दाटते, आणि काहींना भासही होऊ लागतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१४ मध्ये दुकानातून गांजायुक्त खाद्यपदार्थांची विक्री कायद्याने सुरू झाली. त्याच वर्षी एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणे बिस्किटाचा एक तुकडा खाल्ला. अर्ध्या-एक तासात काही जाणवले नाही, म्हणून उरलेले सर्व खाल्ले. त्यानंतर काही तासांतच भ्रमावस्थेत चौथ्या मजल्यावरून उडी घेऊन तो मरण पावला. त्या बिस्किटात सहा माणसांना पुरून उरेल इतकी मात्रा होती. मात्रा छापलेल्या, तपासलेल्या मालाची ही गत. आपल्याकडच्या घोट्याची किंवा आयुर्वेदिक औषध म्हणून पानपट्टीवर विकल्या जाणाऱ्या भांगमिश्रित गोळीची मात्रा कोण मोजतो?

आता हे वेळेचे गणित आपल्या शहराला लावून पाहा. सकाळी प्रसाद म्हणून गोळी घेतलेला कामगार दुपारी मागावर उभा राहतो तेव्हा त्याची नशा ओसरत नसते, भरात येत असते. धावता धोटा, फिरते पट्टे, रात्रपाळीची झोप आणि हातचा सुटलेला अंदाज! त्यात बोट गेले, हात गेला, तर मालक काय म्हणेल ते आपल्याला ठाऊक आहे. यंत्राला संरक्षक जाळी नव्हती, पाळी बारा तासांची होती, हे सारे बाजूला पडेल आणि कामगार नशेत होता, एवढेच कागदावर राहील. रिक्षावाला, मालमोटारीचा चालक, बांधकामावरचा गवंडी, सर्वांना हाच हिशेब लागू आहे. रात्री घेतलेली भांग पहाटेच्या पाळीपर्यंत पुरती उतरलेली असेलच असे नाही.

म्हणजे चिलीम बरी, असे मी म्हणतो आहे का? मुळीच नाही. धूर तो धूरच. त्यात डांबर असते, कार्बन मोनॉक्साइड असतो. खोकला, कफ, श्वासनलिकेचा जुनाट दाह ही नित्य ओढणाऱ्याची ठरलेली देणी आहेत. आपल्याकडे चिलमीत गांज्याबरोबर तंबाखूही भरतात, म्हणजे दोन व्यसने एकाच झुरक्यात. शिवाय नशा जितकी झटपट लागते तितकी पुन्हा पुन्हा ओढण्याची सवय जडते. केंद्रीय सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे २ कोटी २० लाख लोक भांग आणि १ कोटी ३० लाख लोक गांजा-चरस घेत असल्याचे आढळले. पण व्यसनात अडकलेल्यांचे प्रमाण भांगेपेक्षा गांजा-चरस घेणाऱ्यांत जास्त होते. तेव्हा निष्कर्ष सरळ आहे. चिलीम फुप्फुसे खाते आणि सवय लावते. घोटा उशिरा येतो, लांब टिकतो आणि एकाच वेळी गाफील गाठतो. वाढत्या वयाची मुले, गरोदर स्त्रिया आणि ज्यांच्या घरात मनोविकाराचा इतिहास आहे अशी माणसे, यांना दोन्ही घातक आहेत.

शरीरशास्त्र एवढे सांगते. घोटा पवित्र आणि चिलीम गुन्हेगार असे ते कोठेही म्हणत नाही. तो भेद समाजाचा आहे, आणि त्याची नोंद जुनी आहे. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशनने देशभर हिंडून ११९३ साक्षीदारांच्या साक्षी नोंदवल्या. भांग पिणे हे वरच्या व मधल्या थरांत प्रतिष्ठेचे आणि गांजा ओढणे हे खालच्या थरांचे, असे चित्र त्या साक्षींतून उमटले. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी कमिशनने तपासल्या, तेव्हा वेडाचे कारण म्हणून गांजा हा शब्द पुष्कळदा पोलिसांच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवलेला निघाला. वैद्यकीय तपासणीचा त्यात पत्ता नव्हता. माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, अतिरेकाने होते, म्हणून सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण असावे, असा निर्वाळा कमिशनने १८९४ मध्ये दिला. साम्राज्याला अबकारीचा पैसा हवा होता, हे आपण विसरू नये. तरीही पोलिसांच्या शेऱ्याला वैद्यकीय पुरावा मानू नये, हा त्या अहवालाचा धडा आजही उपयोगी आहे.

पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांज्यावर बंधने आली, पाने मात्र व्याख्येतून वगळली गेली. त्या धर्तीवर आपला अंमली पदार्थविरोधी कायदा १९८५ मध्ये झाला. त्यात गांजा आणि चरस गुन्हा ठरले, शेंड्यांशिवायची पाने बाहेर राहिली. राज्यांनी आपापले नियम केले. काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने चालतात. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने भांगही मादक पदार्थांत धरली आहे, पण सणाच्या दिवशी घोट्याच्या भांड्याकडे कोणी फिरकत नाही. चिलीम ओढणाऱ्याला मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि जवळ थोडा गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत. हैदराबाद-सोलापूर-पुणे महामार्गावर गांजा पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांत हाती लागतो तो बहुधा वाहनाचा चालक नाही तर पोती वाहणारा हमाल. पैसा लावणारा क्वचितच सापडतो.

मग आपली भूमिका काय असावी? उपदेशाची काठी घेऊन वस्तीत जाणे हे आपले काम नव्हे आणि परंपरेच्या नावाखाली डोळे मिटणे हेही नव्हे. सत्य सांगणे हे पहिले काम. देवाचे नाव घेतल्याने यकृताचे काम बदलत नाही, हे श्रद्धाळू माणसाला न दुखावता सांगता येते. ज्याने भांग घेतली आहे त्याने दुसरी गोळी घेऊ नये, त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी यंत्राला व वाहनाला हात लावू नये. ज्याला जास्त चढली आहे त्याला एकटे सोडू नये, गच्चीवर किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नये. लिंबू-ताकाने भांग उतरते हा भ्रम आहे. रक्तात गेलेले द्रव्य ताकाने बाहेर येत नाही. शुद्ध हरपली, झटके आले, छातीत दुखू लागले किंवा लहान मुलाच्या पोटात गोळी गेली, तर विनाविलंब इस्पितळ गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांपासून लपवू नये. लाजेपायी गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

दुसरे काम मागण्यांचे. भांगमिश्रित गोळ्यांची मात्रा तपासली जावी आणि पानपट्टीवरची विक्री थांबावी. मागांना संरक्षक जाळ्या बसाव्यात आणि आठ तासांची पाळी अमलात यावी, कारण बारा तास उभा राहिलेला माणूस थकवा विसरायला काहीतरी शोधणारच. शासकीय इस्पितळात व्यसनमुक्तीचा विभाग असावा आणि तेथे गरिबाला मोफत उपचार मिळावा. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभ्या केलेल्या मुक्तांगणने व्यसनी माणसाला रुग्ण मानून माणुसकीने वागवता येते, हे दाखवून दिले आहे. उपचार स्वीकारणाऱ्या व्यसनाधीन माणसाला खटल्यापासून सूट देणारे ६४अ हे कलम याच १९८५ च्या कायद्यात पुढे घातले गेले आहे. ते वस्तीतल्या किती जणांना माहीत आहे? ते माहीत करून देणे आपल्याच हाती आहे. केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत मदतीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहिला गेला पाहिजे.

साथींनो, महाशिवरात्र आणि होळी दरवर्षी येतात आणि मागावरची पाळी दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू होते. या दोहोंमधल्या चोवीस तासांत आपल्या माणसाचा हात शाबूत राहावा आणि त्याला कोठडीऐवजी दवाखान्याचा रस्ता सापडावा, एवढ्यासाठी हा विषय पक्षाचा आहे. येत्या सणाच्या आधी प्रत्येक शाखेने आपापल्या वस्तीत याविषयी एक बैठक घ्यावी, अशी सूचना करून मी थांबतो.