सांगणारीच्या अंगणात

१९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा गावांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला होता. त्याआधी तपासणी झाली होती जेमतेम ८ टक्के स्त्रियांची. हे आकडे जगभर पोचले. मला त्यामागचा विश्वास अधिक मोलाचा वाटतो. ‘अंगावरून जातं’ हे जी बाई घरातही बोलत नाही, ती बोलू लागली. राणीताईंचं ‘कानोसा’ हे पुस्तक अशाच बोलण्यातून उभं राहिलं.

असं बोलणं नुसत्या प्रश्नावलीनं निघत नाही. मोहफुलांच्या दिवसांत बाया उजाडायच्या आत रानात गेलेल्या असतात. परतल्यावर अंगणात फुलं पसरायची, काडीकचरा वेचायचा. अभ्यासकानं तेव्हा शेजारी बसून हात लावावा. पहिले प्रश्न त्याच विचारतील: गाव कोणतं, आईबाप काय करतात, लग्न झालं का? आधी आपण मोकळेपणानं सांगावं, मग वही उघडावी.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं तर अभ्यास हे गावाचंच काम मानलं. गावातले देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथं अभ्यासगट बसू लागले. गावकरी आणि बाहेरचे एकत्र बसून विषय समजून घेत. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीनं घेई. २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्याला या बैठकांचा आधार होता.

आता जोखमीची गोष्ट. लिहिताना सांगणारीचं नाव बदललं की ओळख लपली, असं समजू नका. चाळीस घरांच्या गावात अंगणवाडी सेविका एकच असते. त्यातून पोलीस आणि नक्षलवादी यांच्या कात्रीत इथली माणसं वर्षानुवर्षं जगली. कोण काय बोललं हे कागदावर राहणं जिवावर बेतू शकतं. म्हणून लिहिलेलं सांगणारीला तिच्या बोलीत, एकांतात वाचून दाखवा. ‘हे खोडा’ म्हणाली तर खोडा, उतारा कितीही सुरेख असो.

गोंडवाना विद्यापीठातल्या आणि इतरही मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे. विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात या वाचनासाठी वेगळे दिवस राखा, आणि ते रोवणीचे किंवा तेंदूपत्त्याचे नसावेत.