पनवेलचा वारा पनवेलमध्येच मोजा

आज पदवी घेणाऱ्या तरुण वास्तुकार-अभियंत्यांनो,

नोकरीत रुजू झाल्यावर पनवेलमधल्या एखाद्या इमारतीसाठी हवामानाची जी फाइल तुम्ही संगणकावर उघडाल, ती बहुधा सांताक्रूझची असेल. वर्षाच्या 8760 तासांचे तापमान, आर्द्रता, ऊन, वारा. फाइल चांगली आहे, पण ती सांताक्रूझची आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला 73. एका शहरातल्या दोन वेधशाळांत एवढा फरक पडतो, तर खाडीपलीकडचे, माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याचे आपले गाव त्या फाइलीत कसे मावेल?

इथे दुपारी खाडीवरून खारा वारा येतो, रात्री डोंगराकडून मतलई वारा उतरतो. पावसाळ्यात नैऋत्येचे ढग डोंगराला अडतात. वाऱ्याचा प्रवाह संगणकावर मांडणाऱ्या सीएफडीच्या चौकटीत फक्त आपला भूखंड आणि शेजारच्या दोन इमारती घातल्या, तर यातले काहीच उमटणार नाही. चौकट डोंगरापर्यंत न्यावी लागते. वेळ लागतो, संगणकाला आणि आपल्यालाही. तो मागून घ्या.

शिवाय जमीनच बदलली आहे. नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे 90 मीटर उंचीची उलवे टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, खाडीकाठावर भराव घातला. टेकडीमुळे वाऱ्याचा वेग वाढतो, म्हणून आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात भूरूपासाठी 1.36 पर्यंतचा गुणक दिलेला आहे. टेकडीच गेली तर जुन्या नकाशावरून केलेले गणित कोणत्या जागेचे? त्यातच खारघर, कामोठे, उलवे इथले मनोरे वाढत आहेत. दोन मनोऱ्यांच्या फटीत वारा वेग धरतो आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वाऱ्याने रायगडभर छपरे उडाली. पत्रा वाऱ्याच्या दाबाने वाकून जातो असे आपण समजतो. खरे तर तो वर ओढला जातो, आणि ही ओढ सर्वांत तीव्र असते छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना. गळती थांबावी म्हणून सोसायट्या गच्चीवर जी पत्र्याची शेड घालतात, तिचे हुक बहुतेकदा सगळीकडे सारख्याच अंतरावर असतात. कोपऱ्यात ते दाट हवेत. एवढ्या साध्या गोष्टीने एखाद्याचे घर वाचते, रस्त्यावरच्या माणसाचा जीव वाचतो. म्हणून अशा शेडचे काम किरकोळ समजून कधीही दुसऱ्यावर सोडू नका.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानातल्या जाहीर सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली. त्या दिवशीचे तापमान काही विक्रमी नव्हते. उघडे ऊन, दमट हवा, सावलीचा अभाव आणि गर्दीत कोंडलेला वारा यांनी घात केला. म्हणून नुसते तापमान पाहून आराखडा करू नका. माणसाच्या उंचीवर वारा किती आणि सावली कुठे, हेही काढा. शाळेच्या पटांगणासाठी, बसथांब्यासाठी, बाजारासाठी. वातानुकूलित कार्यालयांसाठी हा अभ्यास करणारे पुष्कळ आहेत. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईसाठी तो फार थोडे करतात.

आता कामाचे बोलतो. विमानतळ सुरू झाल्याने उड्डाणांसाठी लागणाऱ्या हवामान नोंदी आता आपल्या दाराशीच होतात. त्या मिळवा, सांताक्रूझच्या नोंदींशी ताडून पाहा. आपल्या भूखंडाजवळच्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर, आडोसा टाळून, वेगमापक आणि दिशादर्शक बसवा. बांधकाम सुरू होण्यापूर्वी निदान एक पूर्ण वर्ष. आणि इमारत ताब्यात दिल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिथे परत जा. पश्चिमेच्या भिंतीवर ओल कुठवर चढली, कोणत्या खिडक्या रहिवाशांनी कायमच्या बंद केल्या, जिन्यात वारा खेळतो का, हे त्यांनाच विचारा, लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्या.