नमुना सही आणि आवाजाची पेटी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण)



बँकेतला माणूस लाउडस्पीकरवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे, तेव्हा बोलण्याचा थोडा हक्क मला आहे.

मी खजिनदार असताना आपल्या हॉलसाठी स्पीकर घेतले. दुकानदाराने एक सिनेमाचं गाणं मोठ्याने लावलं, खिडक्यांची तावदानं थरथरली, आम्ही खूश झालो आणि मी चेकवर सही केली. पुढच्या वार्षिक सभेत ताळेबंद मीच वाचला. सभा संपल्यावर बी विंगमधले एक ज्येष्ठ सभासद जवळ आले. ते श्रवणयंत्र लावत. म्हणाले, "साहेब, आवाज येतो हो, शब्द येत नाहीत." त्यानंतर ते सभेला आले नाहीत. आज ते हयात नाहीत. ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेलं नाही.

पुढे मुलीकडे लंडनला गेलो होतो. तिच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे पुस्तकांच्या कपाटात दोन छोट्या पेट्या होत्या. उंची फूटभर, रुंदी वीतभर. त्यांनी रेडिओ लावला आणि मी चमकलो. निवेदक समोरच्या खुर्चीत बसून बोलतोय असं वाटलं! तो स्पीकर म्हणजे बीबीसीचा 'एलएस ३/५ए'. मग मी त्याची माहिती मिळवत गेलो.

त्याचा जन्म गमतीदार आहे. स्टुडिओ बांधण्याआधी त्यात संगीत कसं ऐकू येईल हे कळावं, म्हणून बीबीसीचे संशोधक स्टुडिओची एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती करून तपासत. त्या कामासाठी एक लहान स्पीकर बनवला होता. तो अपेक्षेपेक्षा फारच चांगला निघाला. बाहेरच्या कार्यक्रमांच्या गाड्यांत मोठे स्पीकर मावत नसत, तिथे हा उपयोगी पडेल असं ठरलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'एलएस ३/५' तयार झाला.

थोडे नग झाले, कामही छान चाललं. पण आणखी नग हवे झाले तेव्हा कळलं की आत बसणारी दोन्ही युनिटं, म्हणजे मोठा शंकू आणि वरच्या पट्टीची छोटी घुमटी, मधल्या काळात बदलली आहेत. जुन्या नकाशावर नवी युनिटं बसवली तर आवाज तोच येत नव्हता. "चालतंय की, कोणाला कळणार?" असं त्यांनी केलं नाही. आवाजाची वाटणी करणारं सर्किट, ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात, ते नव्याने आखलं. पेटीवर पुन्हा काम केलं. नावापुढचा तो 'ए' म्हणजे ही दुरुस्ती. १९७६ साली त्यांनी या कामाचा अहवालही प्रसिद्ध केला.

पेटीतल्या बारीकसारीक गोष्टी ऐका. भिंती जाड नाहीत, बर्च प्लायवूडच्या पातळ आहेत. त्या घुमू नयेत म्हणून आतून थर चिकटवलेला. घुमटीभोवती जाड फेल्टची चौकट, कारण पेटीच्या कडांवर आदळून आवाज बिघडतो. कोपऱ्यांतल्या पट्ट्या बीच लाकडाच्या. तिथे दुसरं मऊ लाकूड वापरलं तर शंकूच्या आवाजात फरक पडला, म्हणून बीचच हवं! पुढे वेगवेगळ्या कंपन्यांना परवाना दिला, तेव्हाही प्रत्येक नग मूळ नमुन्याशी जुळला पाहिजे ही अट होती.

आणि कसोटी? मोजमापाची यंत्रं होतीच, पण शेवटची कसोटी कानाची. बीबीसीची जुनी पद्धत अशी की स्टुडिओत ओळखीचा माणूस बोलणार. त्याला प्रत्यक्ष ऐकायचं, मग शेजारच्या खोलीत स्पीकरवर ऐकायचं, आणि दोन्ही ताडून पाहायचं. गाण्यापेक्षा माणसाच्या बोलण्यात पेटीचा खोटेपणा लवकर पकडला जातो, कारण माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलोय.

बँकेत आम्ही दुसरं काय करत होतो? चेक आला की नमुना सहीचं कार्ड काढायचं आणि ताडून पाहायचं. सही कितीही झोकदार असली तरी नमुन्याशी जुळली नाही तर चेक परत. तीस-पस्तीस वर्षं हे केलेल्या माणसाने स्पीकर घेताना नमुना मागितलाच नाही, ही माझी चूक.

यंदा हॉलची ध्वनियंत्रणा बदलायची आहे. ती छोटी पेटी हॉलला पुरणार नाही आणि परवडणारही नाही, ते मी सुचवत नाही. माझी सूचना बिनखर्चाची आहे. खरेदीआधी आपल्यापैकीच एखाद्या वहिनींनी मागच्या सभेचं इतिवृत्त आधी माइकशिवाय, मग माइकवर वाचावं. शेवटच्या रांगेत श्रवणयंत्र लावणारी मंडळी बसवावीत. त्यांना शब्द समजले, तरच खजिनदारांनी चेकवर सही करावी.