वेळ गेला कुठे?

(विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



परीक्षेच्या अभ्यासाचे नियोजन या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीससाहेबांची आज्ञा झाली. पुढे मी बरीच वर्षे कॉमर्स शिकवले हे खरे, पण या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार निराळाच आहे. नियोजनाच्या बाबतीत मी स्वतः एकदा सपशेल नापास झालो आहे.

गोष्ट १९८१ सालची. मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. थोरले भाई कुवेतला नोकरीस होते. त्यांच्या ड्राफ्टवर माझी फी, खोलीचे भाडे आणि गावचे घर, सारेच चाले. परीक्षेला दोन महिने उरले तेव्हा मी लाल-निळ्या शाईने एक देखणे वेळापत्रक आखले. पहाटे चारला सुरू, रात्री अकराला समाप्त. त्यात जेवणाला वीस मिनिटे होती. तापाला, पाहुण्यांना आणि कंटाळ्याला एकही मिनिट नव्हते. तिसऱ्या दिवशी ते मोडले. मग दुसरे आखले. अर्थशास्त्र मला आवडे म्हणून रोज तेच उघडून बसे. अकाउंटन्सीची धास्ती वाटे म्हणून ती उद्यावर ढकली. परीक्षेत ताळेबंद जुळेना. वीस गुणांच्या त्या एका प्रश्नावर मी सव्वा तास झगडत बसलो आणि शेवटचे दोन प्रश्न, जे मला येत होते, ते कोरेच राहिले.

निकाल भाईंना पत्राने कळवला. ते रागावतील असे वाटले होते. तीन आठवड्यांनी उत्तर आले. फी पुन्हा पाठवतो, असे लिहिले होते आणि खाली एकच ओळ होती : "मला एवढेच कळव, दोन महिन्यांचा वेळ गेला कुठे?"

मला उत्तर देता येईना. म्हणून मी एक वही केली आणि आठवडाभर खरोखर कोणत्या वेळी काय केले ते लिहीत गेलो. किराणा दुकानदार उधारी लिहितो तसे, कसलीही सजावट न करता. माझी समजूत होती की मी आठवड्याला तीस तास अभ्यास करतो. वहीत निघाले अकरा. बाकीचा वेळ पुस्तक उघडे ठेवून केलेल्या गप्पांत, चहात आणि नोट्स मागण्यासाठी मित्रांच्या खोल्या धुंडाळण्यात गेला होता. आज तुमच्या हातात मोबाईल आहे, तेव्हा तुमची वही याहून लाजिरवाणी निघेल अशी मला भीती आहे.

हा दोष माझ्या एकट्याचा नव्हता, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले, काम किती दिवसांत पुरे होईल? विद्यार्थ्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी साडेपंचावन्न दिवस लागले. माणूस पुढचा अंदाज बांधतो तेव्हा सारे सुरळीत होईल असे धरून चालतो आणि मागचा अनुभव बाजूला ठेवतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, वेळापत्रक आखण्याआधी आठवडाभर वही लिहा. जे तास खरोखर हाती आहेत तेवढेच खर्चायला काढा.

आता हिशेबच मांडू. परीक्षेला ४० दिवस आहेत आणि घरकाम, एस.टी.चा प्रवास, वर्ग हे सारे वजा जाता रोज चार तास मिळतात असे धरा. झाले १६० तास. यातले ४० तास प्रथमच बाजूला काढा. कोणी आजारी पडेल, कोणाचे लग्न निघेल, एस.टी. चुकेल, त्यासाठी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. २०२५ साली तो मार्चमध्ये होता. तो परीक्षेच्या तोंडावर येत असेल तर सहरीनंतरचा वेळ वाचनाला चांगला आणि अस्रनंतरचा वेळ बेताचा, हे आधीच धरून चाला. उरले १२० तास. पेपर सहा. बहुतेक विद्यार्थी येथे प्रत्येकी वीस तास वाटून मोकळे होतात. हे वाटप दिसायला न्यायाचे, परिणामी घातक.

प्रत्येक पेपरासमोर स्वतःला विचारा : उद्याच परीक्षा झाली तर मला किती गुण पडतील? ज्या विषयात तीस पडतील तेथे वीस तासांच्या मेहनतीने पन्नासावर जाता येते. ज्यात सत्तर पडतील तेथे त्याच वीस तासांत जेमतेम चार-पाच गुण वाढतात. तेव्हा कच्च्या विषयाला ३२ तास द्या, दोन मध्यम विषयांना २२-२२ आणि उरलेले ४४ तास बाकीच्या तिघांत वाटा. तो कच्चा विषय दिवसातल्या ताज्या वेळेला घ्या. आवडता विषय थकल्यावरही वाचता येतो. एटीकेटी लागली की पुढच्या सत्रात तोच पेपर नव्या पेपरांच्या डोक्यावर बसतो. एका विषयाच्या धास्तीने तीन वर्षांची पदवी पाच वर्षांवर गेलेली मी पाहिली आहे आणि घरची ऐपत नसल्याने मध्येच सुटलेलीही पाहिली आहे.

त्या तासांत करायचे काय? पुन्हा पुन्हा वाचणे ही आपली जुनी सवय. पिवळ्या शाईने ओळी रंगवणे ही नवी. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. वाचताना सारे ओळखीचे वाटते आणि आपल्याला येते असा भ्रम होतो. म्हणून निम्मा वेळ पुस्तक मिटून लिहा. मागील प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. शंभर गुणांना तीन तास असतील तर वीस गुणांच्या प्रश्नाला ३६ मिनिटे येतात. सदतिसाव्या मिनिटाला ताळेबंद जुळला नसला तरी पान उलटायचे. हे परीक्षागृहात सुचत नाही, घरी हाताला वळण लागलेले असावे लागते.

आता पालकांशी थोडे बोलतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, पण नेहमी मागे पडे. मी विचारले तेव्हा म्हणाली, "सर, मला सलग वेळ मिळतच नाही. पुस्तक उघडले की अम्मी हाक मारतात." तिच्या धाकट्या भावाला अभ्यासाला माळ्यावरची खोली दिली होती. तो दहावीत होता, ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला. तिने पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे वापरायचे ठरवले. भात शिजेपर्यंत व्याख्या आठवायच्या, कपडे वाळत घालताना कलमे म्हणायची. हे सारे तुकड्यांत जमते. अंतिम खाती तुकड्यांत जमत नाहीत; त्यांना सलग दीड-दोन तास लागतात. ते मी तिला कोठून देणार? शेवटी तिच्या आजीनेच सांगितले की मगरिबनंतर दोन तास पोरीला कोणी हाक मारायची नाही. भाकऱ्या त्या स्वतः करू लागल्या. मुलगी पास झाली आणि आज एका सहकारी पतसंस्थेत हिशेब पाहते.

तेव्हा येथे बसलेल्या अम्मी-अब्बांना माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलीला विचारा, तुझे दोन तास कोणते? आणि त्या वेळचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला, मुलालाही, वाटून द्या.

विद्यार्थ्यांनो, परीक्षेच्या तारखा बाहेर फलकावर लागल्या आहेत. जाताना उतरवून घ्या आणि वही आज रात्रीपासूनच सुरू करा.