परसबागेतील वाल : पेरणी केव्हा करावी?

श्रोतेहो, हिंगोली जिल्ह्यातील काळ्या जमिनीत वालाची पेरणी केव्हा करावी,
हे तारखेपेक्षा ओलीवरून ठरवणे योग्य असते.

मृगाची पहिली सर पडताच पेरणीचा मोह होतो;
परंतु वरचा थर भिजून खालचा कोरडा राहिला, तर उगवलेले रोपही वाळते.
म्हणून वीतभर खोल ओल गेल्यावर आणि वाफसा आल्यावर,
म्हणजे माती हाताला न चिकटता भुसभुशीत होते तेव्हा, बी टोकावे.

शिवाय वालाचे पारंपरिक वेलवर्गीय वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात;
त्यामुळे घाईने पेरले, तरी शेंगा हिवाळ्याच्या तोंडावरच लागतात
आणि वेल तोवर नुसता पाल्यावर जातो.

तेव्हा, श्रोतेहो, आधी ओल पाहावी.
कयाधू नदीकाठच्या सखल, पाणी साचणाऱ्या जागी मात्र बी वरंब्यावरच लावावे.